सासूबाईंच्या डोक्यातलं घर वहीत कसं उतरवायचं?

लातूरची थोरली सून

नमस्कार. आम्ही लातुरात जुन्या भागात राहतो. घरात माणसं सात: अण्णा म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि आमची दोन लेकरं. मी शाळेत शिकवते. सकाळी साडेनऊला घर सोडते, परत यायला साडेपाच होतात. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, दीर तिथंच बसतात. औसा तालुक्यात गावाकडं सात एकर कोरडवाहू रान आहे, तिथली ज्वारी, तूर, हरभरा वर्षाचा घरी येतो.

लग्नाला बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मीठ संपलं, सिलिंडर संपलं, लाइट बिलाची तारीख गेली असं आमच्याकडं एकदाही घडलं नाही. दिवाळीनंतर आत्याबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्यांनी अंथरूण धरलं आणि पंधरा दिवसांत अख्खं घर खोळंबलं.

आधी पाणी चुकलं. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो, तोही रात्री-बेरात्री. आत्याबाई आदल्या दिवशीच ड्रम घासून पालथे घालून ठेवायच्या, आणि नळाला पहिली फुसफुस झाली की त्यांना झोपेतही कळायचं. त्या दवाखान्यात असताना पहाटे तीनला पाणी आलं, आम्ही सगळे गाढ झोपेत. टँकर विकत घ्यावा लागला. मग तुरीच्या डाळीचा डबा उघडला तर वर जाळी धरलेली. अण्णांचं बँकेचं पासबुक दोन दिवस हुडकलं. निघालं कुठं, तर देव्हाऱ्याखालच्या खणात, गेल्या वर्षीच्या पंचांगात घातलेलं.

मागच्या आठवड्यात येळवस झाली. इकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते: मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात सगळी माणसं रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे असा बेत असतो. आमच्या रानात बावीस पानं होती. आंबिलीचं पीठ कालवायला बसले तेव्हा कळलं की बारा वर्षं मी फक्त हाताखाली होते. पीठ किती, ताक किती, भज्जीला बेसन किती, काही सांगता येईना. आंबील पातळ झाली, भज्जी कमी पडली. कुणी बोललं नाही, पण मला फार लागलं.

त्याच्या आधी एक रविवार घालवून मी सगळं स्वयंपाकघर लावून काढलं होतं. एकसारख्या पारदर्शक बरण्या आणल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. पितळी हंडे, मोठी परात, लोखंडी कढई असं रोज न लागणारं सगळं माळ्यावर चढवलं. आत्याबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या, वर बघितलं आणि माघारी फिरल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी एवढंच म्हणाल्या, "माळ्यावरचं खाली घे."

मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसले. तिखटाला मिरची किती लागते, ज्वारीला ऊन कधी द्यायचं, विचारलं. म्हणाल्या, "आगं, ते काय सांगायचं असतंय व्हय? हाताला कळतंय."

त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत, डोकं एकदम शाबूत. कारभार हिसकावला असं त्यांना वाटू नये आणि घर तर चाललं पाहिजे. त्यांच्या डोक्यातलं हे सगळं बाहेर कसं काढायचं? आणि बरण्या-माळ्याचं काय करू, परत होतं तसं लावू का?

परभणीचा दादा

ताई, आमच्या घरी मोबाइलवर एकच यादी आहे, सगळ्यांच्या फोनवर दिसते. ज्याला जे संपलेलं दिसेल त्यानं लिहायचं, बाजारात जाणाऱ्यानं आणायचं. बिलांच्या आणि विम्याच्या तारखांना गजर लावलेत. नळाच्या दिवसालाही लावा आणि ते काम दोन्ही भावांकडं द्या, रात्री उठायला बाईमाणूसच कशाला पाहिजे? कागदांना एक पत्र्याची पेटी करा, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. सातबारा आता ऑनलाइन निघतो, पण पासबुक, रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या पेटीतच राहू द्या.

लातूरची थोरली सून

दादा, नळाचं पटलं, आजच सांगते. पेटीही करते. यादीनं साबण-चहापत्तीचं भागेल. पण मिरची किती घ्यायची हेच माहीत नसेल तर यादीत लिहू काय?

अंबाजोगाईची मावशी

बाई, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या सासूबाई १९९८ साली एका रात्रीत गेल्या. ओसरीवर बसून सगळं घर हलवणारी बाई. पुढचं वर्षभर मी रडले ते निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं घरासाठी. कुठल्या पोत्यात बियाणाची ज्वारी आणि कुठल्या पोत्यात खायची, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्या वर्षी बियाणं दळून आणलं मी. तुझ्या सासूबाई बसून बोलतायत, हे फार मोठं आहे. घाई करू नको आणि उशीरही करू नको.

वही घेऊन विचारायला बसू नको. असं विचारलं की कुणालाच सांगता येत नाही. मला कुणी विचारलं भाकरीच्या पिठात पाणी किती, तर मी काय सांगू? त्यापेक्षा त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात टाक, त्यांच्या डोळ्यांसमोर काम कर आणि चुकू दे. तू मूठभर जास्त घातलंस की त्या आपोआप म्हणतील, "आगं, एवढं कशाला." हात थांबव, तेवढंच वहीत लिही. माझ्या आईकडून मी काळं तिखट असंच शिकले. तीन उन्हाळे लागले, पण आता माझी धाकटी सून वहीत बघून करते आणि चव तीच येते.

दुसरी गोष्ट मापाची. त्यांचं एखादं ठरलेलं भांडं असणार, पितळी शेर म्हण, जुनी वाटी म्हण, चहाचा फुटका कप म्हण. त्याच मापानं सगळं होत असतं. ते भांडं एकदा वजनकाट्यावर घाल. एकदा ज्वारीचं पीठ भरून, एकदा डाळ भरून, एकदा कुटलेली मिरची भरून. त्याच भांड्यात प्रत्येकाचं वजन वेगळं भरतं. ते लिहून ठेवलंस की उद्या भांडं हरवलं तरी माप हरवत नाही. आणि ते भांडं मात्र जागचं हलवू नको.

वही खोलीप्रमाणं करू नको, महिन्याप्रमाणं कर. आपल्याकडचं घर महिन्यावर चालतं. माझ्या वहीत चैत्र आणि वैशाख मिळून अकरा पानं आहेत आणि कार्तिकाचं एकच. उन्हाळ्यात धान्य, तिखट, कुरडया, पापड, शेवया, खारोड्या. मृगाच्या आधी लोणचं आणि गच्चीवरचे पाण्याचे नळे साफ. भाद्रपदात महालक्ष्म्या, त्याची तर वेगळी वहीच लागते, मुखवटे कुठल्या पेटीत, साड्या कुठल्या, कुणाकडून काय येतं आणि आपण काय द्यायचं. मार्गशीर्षात तुमची येळवस. या वर्षी जे कमी पडलं ते आजच लिही, पुढच्या वर्षी आठवणार नाही: बावीस पानं, बेसन एवढं घेतलं, एवढं कमी पडलं.

आता धान्याचं सांगते, कारण डाळीला जाळी धरली म्हणतेस. रब्बीची ज्वारी फाल्गुनात घरी आली की लगेच कोठीत भरू नये. कडक उन्हात तीन दिवस पसरायची, पायानं उलटी-पालटी करायची. चौथ्या दिवशी दाणा दाताखाली धरायचा. कट्ट आवाज आला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. आणि उन्हातून उचलली की गरम गरम भरायची नाही. रात्रभर सावलीत पसरून गार होऊ द्यायची. गरम दाणा कोठीत घातला की आत घाम धरतो आणि तिथूनच टोका, म्हणजे धान्यातला किडा, सुरू होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन पोती घालवून शिकले. कोठी भिंतीपासून हातभर पुढं आणि लाकडी पाटावर. मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, पण सावलीत वाळवलेला, ओला घातलास तर उलट होईल. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात चोळला की वर्ष निघतं, शिजवताना गरम पाण्यानं धुवायची.

एक हात जोडून सांगते. बाजारात धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मिळतात, त्यांचा गॅस होतो. राहत्या घरात त्या आणू नको, कुणी कितीही सांगो. त्या विषावर उतारा नाही. ज्या खोलीत लेकरं झोपतात त्या खोलीत चार पोती आणि त्यात ती गोळी, असं मी डोळ्यांनी बघितलंय. वेळेवर खिडकी उघडली म्हणून निभावलं. टोका लागलेली ज्वारी कोंबड्यांना जाईल, त्याचं काही नाही.

बरण्या राहू देत, दिसायला बऱ्या असतात. पण त्यांचा डबा ज्या जागी होता त्याच जागी बरणी ठेव. अंधारात हात जातो ना, तो जागेवर जातो.

निलंग्याचा मास्तर

बाकीचं मावशींनी सांगितलं. मी फक्त माळ्याबद्दल लिहितो.

ताई, तुमचं रान औसा तालुक्यात, म्हणजे सासूबाई १९९३ ला त्याच पट्ट्यात असणार. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला थोडी मिनिटं कमी, किल्लारीचा भूकंप. तेव्हा मी नववीत होतो. किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही. आमची घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात रुंद, वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा थर टाकायचा, तो साठत साठत मणामणांचा झालेला. घर हललं आणि ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. माझ्या आजीच्या खोलीत फळीवरच्या तांब्याच्या घागरी पडल्या, आजीच्या उशाशी. आजी बाहेर अंगणात झोपली होती म्हणून वाचली.

त्या दिवसापासून आमच्या आईनं डोक्याच्या वर जड वस्तू ठेवू दिली नाही. आता आरसीसीचं घर आहे, तरी नाही. माळ्यावर गोधड्या, उशा, रिकामी सुपं, चाळण्या. हंडे, परात, पाटा-वरवंटा कायम जमिनीवर. दाराला रात्री एकच कडी आणि बॅटरी उशाला. लहानपणापासून बघत आलो, त्यामुळं आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

तुमच्या सासूबाईंनाही असंच काही असेल. विचारायला जाऊ नका. हंडे खाली घ्या.

नांदेडचे आरोग्य सेवक (सेवानिवृत्त)

तीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासली, म्हणून लिहितो. सासूबाई नळाच्या आदल्या दिवशी ड्रम घासून पालथे घालत होत्या, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत. माझ्या मते तुमच्या घरातलं ते सगळ्यात मोलाचं काम आहे.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. तो गटारात होत नाही, आपण जपून साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. अंड्यापासून डास उडायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. तुमचा नळ आठ दिवसांनी. म्हणजे जुन्या पाण्यावरच नवीन पाणी ओतत राहिलात तर अळीला पुरेपूर वेळ मिळतो. त्याची अंडी पाण्याच्या काठाला, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही. काथ्यानं किंवा ब्रशनं आतली कड घासावी लागते, मग उन्हात पालथं घालायचं. आम्ही गावागावांत आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणून घसा कोरडा करायचो. सासूबाई तो न सांगता पाळत होत्या.

ड्रमांना ऑइलपेंटनं नंबर घाला. एक नंबरचं पाणी आधी संपवायचं, मग दोन. शेवटच्या ड्रममधलं उरलेलं नळाच्या आदल्या संध्याकाळी फरशीला, झाडाला. वर झाकण, झाकण नसेल तर सुती कापडाची दुहेरी घडी दोरीनं घट्ट. जो हौद रिकामा करणं शक्यच नाही त्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात.

आणि प्यायच्या पाण्यात तुरटी फिरवली की झालं असं बरेच जण समजतात. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी वरच्यावर काढून उकळा, नाहीतर क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला.

न्हाणीत सासूबाई पडल्या तिथं भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवा. हार्डवेअरचं दुकान घरचंच आहे, एका दुपारचं काम.

लातूरची थोरली सून

दीड महिन्यानं लिहितेय. सगळ्यांचं उत्तर द्यायचं होतं, पण म्हटलं आधी करून बघू.

मास्तर, तुमचं वाचलं त्याच संध्याकाळी नवऱ्यानं आणि दिरांनी हंडे खाली काढले. आत्याबाई पलंगावरून बघत होत्या. तिसरा हंडा खाली आल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांची धाकटी बहीण आणि तिचं सहा महिन्यांचं लेकरू त्या पहाटे गेलं. बारा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही मावशी "आजारानं गेली" एवढंच माहीत होतं. त्यापुढचं इथं लिहीत नाही.

नळ आता दिरांकडं आहे. नंबर घातले: दोनशे लिटरचे चार निळे ड्रम, शिवाय वरची हजार लिटरची टाकी. पहिल्या वेळी त्यांनी ड्रम नुसता विसळला. आत्याबाईंनी वॉकर धरून न्हाणीच्या दारापर्यंत जाऊन आत हात फिरवला, बोट दाखवलं आणि परत घासायला लावला. कडेला काळे बारीक ठिपके होते, सेवक काकांनी सांगितलेली अंडी तीच असावीत. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरलं तर सात माणसांना आठ दिवसांत २८० लिटर लागतात. म्हणून एक आणि दोन नंबर फक्त त्यासाठी ठेवले, त्यात दुसरं भांडं बुडवायचं नाही. हा हिशोब मी मोठ्या अभिमानानं सांगितला तर आत्याबाई म्हणाल्या, "रेल्वेचं पाणी आलतं तवा तीन लिटरवर काढलंय आपण. तू चहाच्या भांड्यावर भांडं धुतीस, ते बंद कर." एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ते आम्ही बातम्यांत बघत होतो. घरात माणशी किती तांबे हे त्या मोजत होत्या.

मावशी, खुर्ची दारात टाकली. पहिले दोन दिवस त्या गप्पच बसल्या. तिसऱ्या दिवशी मी पिठल्याला बेसन कालवताना "हां, हां, हां" असा आवाज आला. वहीची पहिली ओळ तीच आहे: पिठलं, सात माणसं, आत्याबाईंचा पितळी पेला सव्वा. पेला वजनाला लावला तर बेसन १४० ग्रॅम भरलं. आता त्या स्वतःच विचारतात, "लिव्हलंस का?" आणि मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात. माझी लेक चौथीत आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं म्हणून लिहायचं काम आता तिच्याकडं गेलंय. आजीचं बोलणं ती जसंच्या तसं उतरवते, त्यामुळं वहीत "एवढुसं नाही, त्याच्यापेक्षा जरासं" असंही एका पानावर आलंय. ते खोडायचं नाही असं ठरलं.

डाळीला एरंडेल लावलं. ज्वारी येत्या पंधरा दिवसांत येईल, गच्ची झाडून ठेवलीय. दांडा बसवला.

आता एक अडलंय. कुरडयांचं. आत्याबाईंना चीक घोटताना उभं राहता येणार नाही, मीच घोटणार. पाणी किती घालायचं विचारलं तर, "चिकाकडं बघून." मावशी, तुमच्या वहीत काय आहे?

अंबाजोगाईची मावशी

वाचून डोळे भरले गं बाई. पोरीच्या अक्षराला माझ्याकडून शाबासकी सांग.

माझ्या वहीत असं आहे: गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, चीक गाळून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचं पिवळं पाणी अलगद ओतून द्यायचं, खाली घट्ट पांढरा चीक राहतो तो मापून घ्यायचा. जेवढी भांडी चीक तेवढीच भांडी पाणी, त्याच भांड्यानं. पाण्याला मीठ-हिंग घालून उकळी आली की चीक बारीक धारेनं सोडायचा आणि हात थांबवायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी धार सोडायला सांग, तू फक्त घोट. रंग पांढऱ्याचा काचेसारखा झाला, उलथण्याला सुटून यायला लागला की झालं. त्या वेळी खुर्ची चुलीजवळ ओढ, म्हणजे चीक त्यांना दिसेल.

आणि गहू भिजत घालायचा तो नळ येऊन गेला त्याच दिवशी घाल. तीन दिवस पाणी बदलायचं, वर चीक गाळायला वेगळं, त्याला एका ड्रमाचा तरी हिशोब धर. नळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी घातलास तर मधेच पाणी संपेल आणि गहू आंबून जाईल. वरचं पिवळं पाणी टाकू नको, गावाकडं जनावरं असतील तर त्यांना, नसतील तर झाडांना. दिरांना आधीच सांगून ठेव म्हणजे चार नंबरचा ड्रम ते त्या आठवड्यात राखून ठेवतील.